दुसऱ्या सीटचा प्रश्न

एका गाडीत किती माणसं मावतात, याबाबत जगात दोन विचारप्रवाह आहेत. पहिला जपानी. या मतानुसार गाडीत जितक्या सीट, तितकी माणसं. दुसरा आपला. या मतानुसार जितकी माणसं, तितक्या सीट. पहिल्या मतातून जपानमध्ये मोठमोठे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या मतातून आपल्याकडे माणुसकी उभी राहिली. ती बहुतेक वेळा उभीच असते, कारण बसायला जागा नसते.

हे दोन्ही विचारप्रवाह १९७८ ते १९८२ या काळात नागपुरात, हुडकेश्वर रोडवरच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, प्लॉट नंबर ४१ वर समोरासमोर आले. त्याचा हा वृत्तांत आहे. शेवटी सरशी कोणाची झाली, हे वाचकांनी आताच ओळखलं असेल. पण सरकारी अहवालाचा निष्कर्षही आधीच ठरलेला असतो. म्हणून काही कोणी अहवाल लिहायचं थांबवत नाही.

प्लॉट नंबर ४१ चे मालक मारोतराव उमाळे. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. त्यांच्या टेबलावर रोज सरासरी चौदा अर्ज येत आणि त्यांपैकी बारांवर ते वळणदार अक्षरात 'नामंजूर' लिहीत. मात्र हा शब्द त्यांना फक्त लिहिता येत असे, बोलता येत नसे. घरी कोणी लेखी अर्ज करत नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी अडचण होती.

गाडी त्यांना मिळाली ती थोरल्या बहिणीच्या यजमानांमुळे. हे यजमान म्हणजे महादेवराव, कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. त्या कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला कोणे एके काळी एक जपानी साहेब आला होता. येताना तो आपली लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी बोटीनं घेऊन आला, आणि जाताना गाडी इथंच ठेवून गेला. (आपल्या रस्त्यांवर ती तीन महिने चालवल्यावर त्याला तिच्याकडे बघवत नसे, असं म्हणतात.) पुढे सात वर्षं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. तिच्या इंजिनात उंदरांच्या चार पिढ्या नांदल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी नियमितपणे अंडी देत असे. शेड रिकामी करायची वेळ आली तेव्हा महादेवरावांना आपल्या मेव्हण्याची आठवण झाली. कोणाला नको असलेली वस्तू कोणाला द्यायची हा प्रश्न पडला, की महादेवरावांना नेहमी मेव्हण्याचीच आठवण होई.

गाडी कळमेश्वरहून हुडकेश्वरला बैलजोडीनं ओढत आणली. (या गाडीनं कुठंही न बिघडता केलेला हा सर्वांत लांबचा प्रवास.) लेआउटमधली सगळी माणसं बघायला जमली. मारोतरावांचे वडील दादाजी, वय एकोणऐंशी, काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मारोती, हे गाडी हाये का पानी प्यायचं टाकं?"

"स्पोर्ट्स गाडी हाये, दादाजी."

"मंग दोन सीट काहून? खेळाले तं अकरा गडी लागते."

दादाजींचं हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. चार वर्षांनी ते शब्दशः खरं ठरणार होतं.

गाडीच्या कप्प्यात एक माहितीपुस्तक सापडलं. ते संपूर्ण जपानीत असल्यामुळे त्यात काही चूक आहे असं मारोतरावांना कधीच वाटलं नाही. पहिल्या पानावर एक चित्र होतं. समुद्राकाठचा रस्ता, त्यावर हीच लाल गाडी, कापडी छप्पर मागे टाकलेलं. गाडी चालवणारा एक पुरुष आणि त्याच्या शेजारी एक बाई. बाईच्या डोक्याला पिवळा स्कार्फ, आणि त्याचं टोक वाऱ्यावर मागे उडालेलं.

इंदूबाईंनी, म्हणजे मारोतरावांच्या पत्नींनी, ते चित्र हातातली तांदळाची परात बाजूला ठेवून बघितलं.

"मागं कोनीच नाई का वं बसलं?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"मागं जागाच नाई," मारोतराव म्हणाले.

इंदूबाई पुन्हा चित्राकडे बघत राहिल्या. "कुठं चालले असतीन हे दोघं?"

मारोतरावांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रामटेकले."

इथं काही आकडेवारी देणं आवश्यक आहे. मारोतराव आणि इंदूबाई यांच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. या काळात उभयतांनी नागपूरबाहेर एकूण चौतीस प्रवास केले. पैकी लग्नं सोळा, बारशी आठ, मयती सात, दवाखाना तीन. या चौतिसांपैकी फक्त दोघांनीच केलेले प्रवास: एक. (तोही दवाखान्याचा. येताना सोबत महादेवरावांच्या पत्नी सिंधूताई होत्या.) रामटेक नागपूरपासून अवघं पन्नास किलोमीटर. घरातलं प्रत्येक माणूस तिथं जाऊन आलं होतं. इंदूबाई तेवढ्या राहिल्या होत्या, कारण दर वेळी घरी कोणीतरी थांबणं गरजेचं होतं, आणि 'कोणीतरी' हे त्यांचं घरातलं दुसरं नाव होतं.

पुढच्या आठवड्यात इंदूबाई बर्डीच्या बाजारात गेल्या आणि एक पिवळा स्कार्फ घेऊन आल्या. "कोनासाठी?" मुलीनं विचारलं. "असाच," असं म्हणून त्यांनी तो पेटीत, लग्नातल्या शालूखाली, डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवला. मारोतरावांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून ते गाडीच्या मागे हात धुऊन लागले.

आता त्यांनी दोन वर्षं जे केलं, त्याबद्दल टिंगल करावी असं प्रस्तुत लेखकाला वाटत नाही, आणि अशा कथेत ही गोष्ट क्वचितच घडते. मारोतरावांनी गाडीची एक फाईल उघडली (क्र. मोटार/लाल/१) आणि एकेक नटबोल्ट सोडवून, रॉकेलात धुऊन, चिठ्ठी बांधून, तांदळाच्या रिकाम्या डब्यांत ठेवला. गंज पॉलिश पेपरनं घासला. जुन्या ट्यूबची रबरं कापून पॅकिंगं केली. पुस्तकातली चित्रं बघून त्यांनी दोन्ही कार्बोरेटर चौदा वेळा उघडले आणि पंधरा वेळा बसवले. (हा हिशेब त्यांनाही नीट सांगता येत नाही.) ऑफिसातून येऊन ते चहासुद्धा गाडीखाली झोपून पीत. जे भाग मिळत नव्हते ते रामाजीकडून घडवून घेतले.

रामाजी हे गड्डीगोदामातले बॉडीवाले. उभं आयुष्य त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधण्यात घालवलं होतं. त्यांच्या मते गाडी म्हणजे इंजिन आणि चार चाकं. बाकी सगळं गिऱ्हाईकाच्या घरच्यांच्या सोयीनं करायचं असतं. पहिल्यांदा गाडी बघून ते म्हणाले होते, "साहेब, चांगली गाडी हाये. पन जपान्यानं अर्धीच बनवली."

जानेवारी १९८१ मधल्या एका रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. मारोतरावांनी किल्ली फिरवली, इंजिन एकदा खोकलं आणि मग घुमायला लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लेआउटला दोन फेऱ्या मारल्या. शेजारची सीट रिकामी होती, आणि ती रिकामी आहे याचाच त्यांना आनंद होत होता, कारण ती कोणाची आहे हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या फेरीला त्यांनी गाडी फाटकापाशी उभी केली. इंदूबाई दारात उभ्या होत्या.

"बस," मारोतराव म्हणाले. तेवीस वर्षांत त्यांनी इतकं थोडक्यात काही मागितलं नव्हतं.

"कनकीचे हात हायेत माये," इंदूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "धुऊन येतो. एक मिनिट."

कणकीचे हात धुवायला एक मिनिट पुरत नाही. कणीक बोटांच्या बेचक्यात बसते, शिवाय पेटी उघडून शालूखालचा स्कार्फ काढायचा होता. एकूण वेळ लागला चार मिनिटं. या चार मिनिटांत दादाजी घरातून निघून, काठी टेकत, गाडीपर्यंत पोचले होते.

"पहिला चक्कर मोठ्या मानसाचा असते," ते म्हणाले. ते खरंच होतं. नव्या बैलगाडीपासून नव्या विहिरीपर्यंत आपल्याकडे पहिला मान वडीलधाऱ्यांचा असतो. मारोतरावांनी हे कागदावर वाचलं असतं, तर काय लिहिलं असतं कोण जाणे. पण दादाजी कागदावर नव्हते, समोर होते. मारोतरावांनी दार उघडलं. इंदूबाईंनी हातातला स्कार्फ पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "हो, हो. आधी दादाजी."

अडचण अशी झाली, की जपानी सीट जमिनीपासून पाटाएवढ्याच उंचीवर होती. दादाजी तिच्यात बसले नाहीत, पडले. फेरी झाली, पण नंतर त्यांना बाहेर काढता येईना. चार माणसं आणि चाळीस मिनिटं लागली. (प्रस्तुत लेखक शेजारच्या प्लॉटवर राहतो. चारांपैकी एक तो होता.) बाहेर आल्यावर दादाजींनी टोपी झटकली आणि एकच वाक्य म्हणाले, "माह्यासाठी काही करू नको गा. माहे किती दिवस राहिले?"

'माझ्यासाठी काही करू नका' हे वाक्य म्हणजे आपल्या समाजातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. त्यावर अपील नसतं. त्याच आठवड्यात रामाजींनी गाडी अकरा इंच वर उचलली. मेटाडोरच्या स्प्रिंगा बसल्या. मूळ स्प्रिंगा काढून ठेवल्या. फाईलमध्ये नोंद झाली: 'सुधारणा क्र. १. उंची. (तात्पुरती.)'

गाडी उंच झाल्यावर दादाजी तिच्यात सहज चढू लागले, पण आता ते ताठ बसत असल्यामुळे छपराला टोपी लागू लागली. टोपी काढणं शक्य नव्हतं. दादाजींनी ती बेचाळीसच्या आंदोलनात काढली नव्हती, तर आता काय काढणार? कापडी छप्पर गेलं आणि पत्र्याचं आलं, मूळच्यापेक्षा चौदा इंच उंच. आता वारा येत नव्हता. म्हणून रामाजींनी बाजूला दोन खिडक्या कापल्या, त्यांना गज लावले आणि गजांना आपल्या सवयीप्रमाणे हिरवा रंग दिला.

"रामाजी, दुसरी सीट तशीच राहीन न?" मारोतरावांनी विचारलं.

"राहीन न, साहेब. तिले कोन हात लावून राहिलं? फक्त थोडी सरकन."

भाऊबीजेला कळमेश्वरहून सिंधूताई आल्या. मारोतरावांच्या या थोरल्या बहिणीनं आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नाही. त्यांना तशी गरजच पडत नसे. गाडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, रामटेकचा बेत ऐकला, भावाला ओवाळलं, आणि करंजी मोडत सहज म्हणाल्या, "तुम्ही जाल तं खुशाल जा रामटेकले. माहं काय, मी एष्टीनं येईन."

असं वाक्य कानावर पडलं की माणूस फक्त दोनच गोष्टी करू शकतो: मरू शकतो किंवा सीट वाढवू शकतो. आणि सर्वांत आधी कोण बोललं असेल, तर स्वतः इंदूबाई. "ताईले कसं मागं ठेवायचं? मागं एक फळी टाकून घ्या न. थोडं थोडं सरकून बसू सारे." इतकंच नव्हे, तर त्या फळीसाठी त्यांनी जुन्या लुगड्यांची गादी शिवली आणि तिला झालर लावली. झालर फार सुंदर होती. इंदूबाईंवर कोणी अन्याय केला असं इथं दाखवता आलं असतं, तर कथा सोपी झाली असती. पण त्यांच्याविरुद्धच्या कटात त्यांचा स्वतःचा वाटा कमीत कमी तीस टक्के होता.

फळीसाठी जागा हवी होती. रामाजींनी गाडी मधोमध कापली, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, दोन फूट वाढवली आणि पुन्हा जोडली. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पाहून मारोतरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

सिंधूताई आल्या म्हणजे महादेवराव आलेच. आणि महादेवराव फळीवर बसणार नव्हते. ते या घरचे जावई होते, शिवाय गाडी त्यांनीच मिळवून दिली होती. ही गोष्ट ते दर तासाला एकदा, निरनिराळ्या निमित्तानं सांगत. जावई पुढे बसतो. वडील पुढे बसतात. चालवणारा पुढे बसल्याशिवाय चालत नाही. पुढे सीट दोन, माणसं तीन. कोणत्याही जपानी इंजिनिअरला ही अडचण सोडवता आली नसती. रामाजींनी ती दुपारच्या चहाआधी सोडवली. दोन्ही मूळ सीट उपटून काढल्या आणि जुन्या अॅम्बॅसेडरचं लांब बाकडं आडवं टाकलं.

"आता चार बसतीन," ते म्हणाले. "थोडं सरकून."

काढलेल्या दोन सीट भंगारवाल्याला द्यायला मारोतरावांनी नकार दिला. तोंडी नकार. घरातले सगळे चकित झाले. त्या दोन सीट त्यांनी पुसून, व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून, एकमेकींच्या शेजारी ठेवल्या. मध्ये गिअरच्या दांड्याला लागते तेवढी फट सोडली. त्यांवर कोणी बसत नसे. त्या पाटाएवढ्या उंचीच्या असल्यामुळे त्यांवर बसलेलं माणूस लवकर उठू शकत नसे, आणि आपल्या घरांत लवकर उठता येणं फार महत्त्वाचं असतं.

यापुढचा इतिहास वेगानं सांगतो, कारण तो वेगानंच घडला. मारोतरावांची तीन मुलं आणि सिंधूताईंची तीन मुलं मिळून सहा. त्यांच्यासाठी मागे दोन्ही बाजूंना आडवी बाकं. भांडी, सतरंजी आणि पाण्याच्या सुरईसाठी टपावर कॅरिअर. कॅरिअरवर चढायला मागे शिडी. इतका भार ओढताना इंजिन तापू लागलं, तेव्हा मेटाडोरचं रेडिएटर. दोन कार्बोरेटरांपैकी एक काढला गेला. ("अॅम्बॅसेडर एकावर चालते, मंग याले दोन काहून?" असा रामाजींचा सवाल होता आणि त्याला जपानी पुस्तकात उत्तर असलं तरी ते जपानीत होतं.) लाल रंग बैल बुजतात म्हणून गेला आणि तिथं पोपटी आला. ऑक्टोबर १९८२ अखेर, इंजिन वगळता, मूळ गाडीपैकी शिल्लक राहिलेले भाग असे: हॉर्न एक, घड्याळ एक (बंद), आणि पुढच्या बाजूला लावलेली जपानी नावाची पट्टी; ती दादाजींच्या आग्रहावरून मधोमध आणून तिच्यावर गणपती बसवला होता.

फाईल क्र. मोटार/लाल/१ मध्ये एकूण तेवीस सुधारणांची नोंद आहे. प्रत्येकीपुढे कंसात 'तात्पुरती' असं लिहिलेलं आहे. प्रत्येक नोंदीखाली मारोतरावांनी अगदी बारीक अक्षरात एक टीप लिहिली आहे: 'दुसऱ्या सीटचा प्रश्न विचाराधीन.'

गाडी तपासायला आलेल्या आरटीओच्या साहेबांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "किती शीटर?"

"दोन," मारोतराव म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीनं गेलं.

साहेबांनी आत बसलेल्या माणसांकडे पाहिलं, मारोतरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं: 'दोन (अंदाजे).'

डिसेंबरातला एक रविवार रामटेकसाठी ठरला. इंदूबाई पहाटेपासून पुऱ्या तळत होत्या. सकाळी आठ वाजता सगळे गाडीत बसले. पुढे मारोतराव, दादाजी आणि महादेवराव. फळीवर सिंधूताई. आडव्या बाकांवर सहा मुलं. झाले दहा. अकरावं माणूस कोण, हे सांगणं प्रस्तुत लेखकाला अवघड जातं. तो फक्त आपला जॅक द्यायला गेला होता. "जॅक तुमचा, मंग तुम्ही काहून मागं राहता?" असं सिंधूताई म्हणाल्या, थोड्या सरकल्या, आणि तो बसला.

इंदूबाई पुऱ्यांचा डबा आणि झुणक्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नेसायला धानी लुगडं काढलं होतं, आणि डोक्याला पिवळा स्कार्फ बांधला होता. डबा खिडकीतून आत दिला. पातेलं आत दिलं. मग त्या गाडीभोवती एकदा फिरल्या, जशा घरातल्या बाया जेवणावळीत सगळ्यांना वाढलं का हे बघत फिरतात. गाडीत कोणी त्यांना 'येऊ नका' म्हणालं नाही. सगळे आपापल्या जागी थोडे थोडे सरकले. कोणी एक इंच, कोणी दीड इंच. सगळ्यांचे मिळून दहा-अकरा इंच झाले असतील, पण ते निरनिराळ्या ठिकाणी होते.

"मी राहतो घरी," इंदूबाई म्हणाल्या. "साडेदहाले नळ येते. कोनी तं पायजे घरी."

मारोतरावांनी तोंड उघडलं. आता उतरावं, सगळ्यांना उतरवावं, गाडी पुन्हा कापावी, असं त्यांच्या मनात आलं. हा 'नामंजूर' त्यांना लिहून द्यायचा असता तर त्यांनी तो सोन्याच्या शाईनं लिहिला असता. पण खिशात कागद नव्हता, आणि महादेवराव म्हणाले, "चला गा, ऊन चढून राहिलं."

"बाहेर वारा हाये, दादाजी," इंदूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या. "कानाले लागन." त्यांनी डोक्याचा स्कार्फ सोडला आणि दादाजींच्या टोपीवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारून दिली. गाठ घट्ट आहे ना हे दोनदा बघितलं. गाडी निघाली. दादाजी पुढच्या बाकड्यावर मधोमध बसले होते. पिवळ्या स्कार्फचं टोक उडत नव्हतं, कारण दोन माणसांच्या मध्ये वारा पोचत नव्हता.

गाडी रामटेकच्या अलीकडे, मनसरच्या फाट्यापर्यंत गेली. तिथं तिनं हॉर्न दिला (कोणी दाबला नव्हता) आणि ती थांबली. ती पुन्हा कधी चालली नाही. सगळी मंडळी एसटीनं रामटेकला गेली आणि एसटीनंच परत आली. सिंधूताईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, याची त्यांनी आठवण करून दिली.

संध्याकाळी मंडळी घरात शिरली. कोणी पाणी मागत होतं, कोणी चहा. इंदूबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि मग पहिल्यांदाच आत न थांबता व्हरांड्यात आल्या. तिथल्या दोन लाल सीटपैकी डावीकडच्या सीटवर त्या बसल्या. मारोतराव फाटकापाशी उभे होते. ते आले आणि उजवीकडच्या सीटवर बसले. चित्रात पुरुष त्याच बाजूला होता.

"कसं होतं रामटेक?" इंदूबाईंनी विचारलं.

"दूर होतं," मारोतराव म्हणाले.

समोर लेआउटचा कच्चा रस्ता होता. दोघं त्या रस्त्याकडे असे बघत होते, की जणू तो खालून सरकतो आहे. इंदूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्याचं टोक हातात धरून ठेवलं. ही गोष्ट अंदाजे सहा मिनिटं चालली. वैवाहिक जीवनातला त्यांचा, केवळ दोघांचा, दवाखान्याव्यतिरिक्तचा हा पहिला प्रवास.

सहाव्या मिनिटाला प्रस्तुत लेखक जॅक मागायला आला. जॅक मनसरला गाडीत राहिला होता, हे त्याला माहीत होतं. पण घरी जायचं तर यांच्या व्हरांड्यावरून जावं लागतं, आणि दोन माणसं गप्प बसलेली दिसली की विचारपूस केल्याशिवाय पुढे जाणं माणुसकीला धरून नव्हतं. "बसा न," इंदूबाई सवयीनं म्हणाल्या. प्रस्तुत लेखक म्हणाला, "नाही नाही, तुम्ही बसा, मी इथंच कडेला टेकतो." इंदूबाई थोड्या सरकल्या. मग दादाजी आले. मग सिंधूताई.

प्रस्तुत लेखकानं तिथून निघून जायला हवं होतं, असं आता वाचकांना वाटत असेल. मान्य आहे. फक्त एका गोष्टीचं उत्तर द्यावं. सकाळी इंदूबाई स्कार्फ बांधून गाडीपाशी उभ्या होत्या, तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय आलं होतं? गाडीतल्या दहाजणांनी खाली उतरावं आणि त्या दोघांना जाऊ द्यावं, हे ज्यांच्या मनात आलं असेल त्यांनी हात वर करावा. बाकीच्यांच्या मनात आलं असेल, की लहान पोरांना मांडीवर घेतलं असतं आणि सगळे अजून थोडे सरकले असते, तर बाईंची सोय झाली असती.

तो विचार चांगलाच आहे. त्या गाडीच्या तेवीसही सुधारणा त्याच विचारानं झाल्या.